खोलीचं मिनिट

१

बाबांचा दिवस स्टुडिओचं दार उघडून सुरू व्हायचा. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची पट्टी आणि कोपऱ्यात एक म्हातारा काँप्युटर, ज्यावर बाबांनी वर्षानुवर्षं लोकांची गाणी, जाहिराती आणि शाळांची नाटकं रेकॉर्ड केली होती. चहाचा कप घेऊन बाबा आत जात, बटण दाबत आणि तो जागा होईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत. "काय राव, झोप झाली का नीट?" हा प्रश्न लग्न झाल्यापासून आपल्याला एकदाही कुणी विचारलेला नाही, अशी आईची जुनी तक्रार होती.

त्या सकाळी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. असं कुठलंही पार्टिशन नाही, एवढं सांगून मशीन मख्ख बसलं. बाबांनी पुन्हा दाबलं. चुचकारून झालं, दरडावून झालं, बाजूला एक चापट मारून झाली.

"थोरले! ए थोरले! अगं घात झाला!"

थोरली लेक आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. दूरच्या शहरात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम, त्यामुळे अशा हाकांची तिला सवय होती. फक्त ऑफिसात हाक मारणारे बनियनवर नसत. ती डोळे चोळत आली, पडद्यावरची ओळ वाचली आणि म्हणाली, "घाबरू नका. आहे सगळं आत, फक्त आत जायचा रस्ता हरवलाय."

घाबरायला कारण होतं. धाकटीचे दिवस भरले होते आणि रक्तदाब जरा वर होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दुपारी चारला दाखल व्हायला सांगितलं होतं. धाकटी गाणारी. गेले दोन महिने भलंमोठं पोट सांभाळत तिने या खोलीत लहान मुलांची गाणी रेकॉर्ड केली होती, आणि तिची एकच अट होती: बाळ जन्माला येताना तिथे हीच गाणी लागलेली हवीत. डॉक्टरीणबाई हसून हो म्हणाल्या होत्या. गाणी या मशीनमध्ये होती.

"मी काही माझ्या गाण्यांशिवाय जायची नाही," धाकटी दारातूनच म्हणाली. तिचं पोट आधी आत आलं, मग ती. "बाळाला सांगून ठेवलंय मी तसं."

"बाळ ऐकतं का तुझं?" थोरलीने विचारलं.

"नाही. तुझ्यावर गेलंय."

२

"बॅकअप आहे ना बाबा?"

"म्हणजे काय! प्रत्येक गाणं दोनदा ठेवलंय."

"कुठे?"

"ह्याच्यातच. दुसऱ्या फोल्डरमध्ये."

थोरलीने कपाळावर हात मारला. आईने मुकाट्याने चहाचा दुसरा कप आणून ठेवला. घरात काहीही बिघडलं की आई चहा ठेवायची, आणि बऱ्याच गोष्टी तेवढ्याने सुधारायच्या.

थोरलीने बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स ही एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम होती. मशीनची डिस्क रुसली तरी बाहेरून येऊन दिवा लावणारी. पाच मिनिटांत पडदा उजळला, डिस्क दिसली आणि गाण्यांचे फोल्डर दिसले. बाबांचा जीव भांड्यात पडला. पण गाणी सुट्या तुकड्यांत होती, आवाज वेगळा, पेटी वेगळी, टाळ्या वेगळ्या. ते सगळं एकत्र बांधायचं तर बाबांचं स्वतःचं मशीन, त्यांच्या स्वतःच्या मांडणीसकट, चालू व्हायला हवं होतं.

मग तिने डिस्कचा नकाशा उघडला. एका आडव्या पट्टीत रंगीत चौकोन: मोठा निळा, मोठा हिरवा. आणि अगदी सुरुवातीला, जिथे मशीनला जागं करणाऱ्या मोजक्या फाइल्सचा छोटा कप्पा असायला हवा, म्हणजे बूट पार्टिशन, तिथे राखाडी भोक होतं.

"हा कप्पा कुणी पुसला?"

बाबांनी चहाचा मोठा घोट घेतला. "मी. गाण्यांना जागा कमी पडत होती."

"एवढ्याशा जागेत फार तर दोन-चार गाणी मावली असती. आणि तुम्ही ती वापरलेलीही दिसत नाही. काल पुसलंत?"

"छे गं. तीनेक आठवडे झाले."

थोरली हसली. "शक्यच नाही. त्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तीन आठवडे तुम्ही बंदच केलं नसेल."

"मी रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करते," आई म्हणाली. "आणि हे रोज सकाळी चालू करतात. काल सकाळीही केलं. तू आलीस आणि बंद पडलं बघ. तुझ्या हातून लाड करून घ्यायचे असतील त्याला."

सगळे हसले. थोरलीही हसली, जरा उशिराने.

३

तिने डोकं चालवायला सुरुवात केली, कारण तो तिचा पोटापाण्याचा धंदा होता. कुठेतरी दुसरी डिस्क असेल. झाकण काढून पाहिलं; नव्हती. मागे एखादा जुना पेनड्राइव्ह अडकलेला असेल. नव्हता. नेटवर्कवरून सुरू होत असेल म्हणावं, तर नेटवर्कची वायर बाबांनी फुलांच्या कुंडीला आधार म्हणून बांधली होती. बाबा तारीख चुकले असतील, एवढं एकच उत्तर उरत होतं. तिने डिस्कवरची नोंद काढली. बाबा चुकले नव्हते. कप्पा गेल्यानंतरही मशीन रोज सकाळी वेळेवर, हसतमुखाने उठलं होतं. कशातून उठलं, ते कुठेच दिसत नव्हतं.

"पुसण्याआधी आत काय होतं ते तरी पाहिलंत का?"

"पाहिलं नाही. ऐकलं."

हे या घराला नवं नव्हतं. कुठलीही फाइल आवाज म्हणून वाजवता येते, आत शेवटी आकडेच तर असतात. बाबांना तो चाळाच होता. विजेचं बिल वाजवायचे, नकाशे वाजवायचे. एकदा त्यांनी आईचा फोटो वाजवला होता आणि फार कर्कश आहे असं जाहीर केलं होतं. त्या दिवशी त्यांना स्वयंपाक स्वतः करावा लागला.

"मग? काय ऐकू आलं?"

"काही नाही," बाबा कपाच्या तळाकडे बघत म्हणाले. "नुसती खोली होती."

बाहेरच्या कुणाला हे कळलं नसतं. पण रेकॉर्डिंगवाल्यांच्या घरात खोली म्हणजे काय ते पोरींना लहानपणापासून ठाऊक. प्रत्येक गाण्याआधी बाबा सगळ्यांना उभं करून एक मिनिट गप्प करायचे आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचे. गाण्यातल्या मोकळ्या जागा नंतर त्या आवाजाने भरायच्या, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. घरी त्याला खोलीचं मिनिट म्हणत. जो आधी हसेल तो हरला. धाकटी जन्मभर हरत आली होती.

थोरलीने मान हलवली. बूट पार्टिशनमध्ये घट्ट दाबून भरलेल्या फाइल्स असतात. वाजवल्या तर नुसता खरखराट, धबधब्याखाली उभं राहिल्यासारखा. खोली कुठून येणार?

"तू नको ऐकू," बाबा म्हणाले. "उगाच कान दुखतील. खरखर आहे नुसती."

आता एवढ्यात खोली होती, आणि लगेच खरखर झाली. थोरलीने बाबांकडे पाहिलं. बाबा दाराची रबरी पट्टी तपासायला लागले होते.

४

दुरुस्ती खरं तर सरळ होती. कप्पा पुसला तरी फक्त त्याच्या भिंती जातात, आतलं सामान तसंच पडलेलं असतं. जुन्या जागी पुन्हा तेवढ्याच भिंती घातल्या की सगळं जसंच्या तसं परत मिळतं. तिने ऑफिसात हे झोपेतही केलं असतं. तिने भिंती घातल्या आणि कप्पा उघडायला सांगितलं.

उघडेना. आत फाइल्स नव्हत्या. पण कप्पा रिकामाही नव्हता, काठोकाठ भरलेला होता.

बाहेर आनंदीआनंद चालला होता. जावईबापू आले होते. त्यांची पुढच्या गल्लीत बेकरी, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा वास यायचा. धाकटी त्यांना बॅगेत काय काय भरायचं ते सांगत होती आणि ते प्रत्येक वस्तू दोनदा भरत होते. आई म्हणत होती, "अहो, ती दवाखान्यात चाललीये, सफरीवर नाही." स्टुडिओचं दार लोटलं की हे सगळं कापल्यासारखं थांबायचं. थोरलीने दार लोटलं.

आधी तिने शहाण्या माणसाप्रमाणे कप्प्याची नक्कल काढली आणि ती वाजवून पाहिली. धबधबा. अगदी असायला हवा तसा. ती स्वतःशीच हसली, बाबांचे कान आता म्हातारे झाले म्हणायचे. मग, केवळ काम पुरं करायचं म्हणून, तिने मूळ कप्पाच वाजवायला लावला.

खोली होती.

ऐकताक्षणी तिला कळलं की ही हीच खोली. फोमचा तो कोंदट मऊपणा, वरच्या झरोक्यातून येणारी अगदी बारीक सूं, काँप्युटरच्या पंख्याची थकलेली घुमघुम. तिने हेडफोन काढला. तीच खोली, तीच सूं. परत घातला. फरक एवढाच होता, की हेडफोनमधल्या खोलीत माणसं होती.

५

सगळा मिळून पाऊण तासाचा आवाज होता. तिने मध्येच कुठेतरी बोट ठेवलं.

कुणीतरी दार लोटलं, रबराचा धप्प आवाज झाला. बाबांचं नाक वाजलं. त्यांच्या नाकाची ती बारीक शिट्टी तिने हजारांत ओळखली असती, पण ही शिट्टी जरा जास्त थकलेली होती. मग एक गुडघा कट्कन वाजला: आई. एक दबलेला खोकला: पिठाने कायम धरलेला घसा, म्हणजे जावईबापू. सगळे गप्प उभे होते. मिनिट चालू होतं.

आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, चुईं. थोड्या वेळाने पुन्हा चुईं. लहान मुलांच्या बुटांत असते तशी शिट्टी, पाऊल टाकलं की वाजणारी. कुणीतरी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतं आणि हसू तोंडात कोंबून धरत होतं.

"शूऽऽ," म्हणाले बाबा. हेडफोनमधले बाबा.

या घरात लहान मूल नव्हतं. अजून नव्हतं.

थोरलीने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. डोकं अजून भांडत होतं. जुनं रेकॉर्डिंग असेल, कुठल्याशा शाळेच्या पोराचं असेल, या कप्प्यावर कधीकाळी सांडलेलं असेल. पण जावईबापूंचा खोकला जुना नव्हता, माणूसच घरात नवा होता. एका बाजूला भीती वाटत होती आणि दुसरीकडे ओठ आपोआप हसत होते, कारण ते पोर काही केल्या गप्प राहत नव्हतं. चुईं. चुईं.

मग तिच्या लक्षात आलं, आणि हसू गेलं. तिने पुन्हा मोजलं. बाबा होते, आई होती, जावई होते, पोर होतं.

धाकटी कुठे होती?

तिने आवाज वाढवला. श्वास मोजले. मागे नेलं, पुढे नेलं, एका जागी खोली, दुसऱ्या जागी खोली, सगळीकडे तीच माणसं आणि तेच मिनिट, न संपणारं. धाकटीला आजवर कधी हे मिनिट पाळता आलं नव्हतं. ती असती तर फुसकन हसली असतीच. इतका वेळ ती गप्प राहूच शकत नव्हती. रक्तदाब जरा वर आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जरा.

"हस ना," थोरली पडद्याला म्हणाली. "हस ना गं, बये."

दार उघडलं आणि खरी धाकटी आत डोकावली. घामेजलेली, दाराची चौकट घट्ट धरून.

"ताई, चार काही वाजत नाहीत आता. ह्याला घाई झालीये. गाणी होणार का, का मीच तिथे गाऊ?"

६

थोरलीने एक बोट वर केलं, थांब म्हणून. दुसऱ्या हाताने आवाज थेट शेवटाकडे ढकलला.

खोली. नाक. गुडघा. चुईं. आणि मग, उजव्या कानाच्या अगदी जवळ, हसू फुसकन सुटलं. फुग्यातून हवा जावी तसं. पाठोपाठ तोंड दाबायचा फसलेला प्रयत्न, आणि मग ते खळखळतं, निर्लज्ज, घर डोक्यावर घेणारं हसू. "हरले, हरले! बाबा, हिच्यामुळे हरले!"

थोरलीने हेडफोन फेकला, उठली आणि दारातल्या बहिणीला पोटासकट मिठी मारली. तिला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"अगं, अगं! फुटेन मी!" धाकटी ओरडली. "झालं काय तुला?"

"काही नाही. तू हरलीस."

"कशात?"

"नेहमीच्यात. जा, गाडीत बस. गाणी घेऊन येते मी मागोमाग."

बाबा धाकटीच्या मागे उभे होते. त्यांनी खुर्चीवर पडलेला हेडफोन पाहिला. धाकटीला जावईबापूंच्या हाती देऊन ते परत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाबा, एक सांगू? तो कप्पा तसाच राहू दे," थोरली म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "सुरू करणाऱ्या फाइल्स मी दुसरीकडेही ठेवू शकते, नकाशातल्या मोठ्या हिरव्या कप्प्यात. मशीन चालेल. ते पुसायला नको. एकदा सगळे मिळून ऐकू, बाळ आलं की."

"नको."

"अहो, पण—"

"तिथेच कर. त्याच जागेत. आधी पूर्ण भरून टाक, शून्यांनी, काडीएवढं मागे राहता कामा नये." बाबांचा आवाज चढला नव्हता. ते कधी आवाज चढवत नसत. पण त्यांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट दाबलेला होता. "माझं एवढं ऐक."

वाद घालायला वेळ नव्हता. आणि तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, मनात ते हसू अजून खळखळत होतं. तिने कप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरला, त्यावर नवा बूट कप्पा उभा केला, मशीनच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये शिरून सुरू करणाऱ्या फाइल्स परत बसवल्या, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबायला बाबांना सांगितलं.

"काय राव," बाबा म्हणाले, "उठा आता."

मशीन उठलं. बाबांनी अर्ध्या तासात गाणी बांधली, जन्मात केलं नव्हतं इतक्या वेगाने.

७

संध्याकाळी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. धाकटीचं म्हणणं होतं की चौथ्या गाण्याच्या कडव्यावर ती बाहेर आली आणि तालात आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताल वगैरे त्यांना माहीत नाही, पण गाणं मात्र आता त्यांच्या डोक्यातून जात नाही. जावईबापूंनी बेकरीतून आणलेला केक आख्ख्या मजल्याला वाटला, पलीकडच्या खोलीतल्या आजोबांना दोनदा. आई एकाच वेळी रडत, हसत आणि सगळ्यांना हळू बोला म्हणून ओरडत होती.

थोरली बाबांना घेऊन खिडकीशी उभी राहिली. तिला आता राहवत नव्हतं.

"मी ऐकलं ते, बाबा. तुम्हाला नुसती खोली वाटली, पण सगळे होते त्यात. खरंच सांगते. तुम्ही होता." तिने अंगठा मिटला. "आई होती, गुडघा वाजला तिचा. जावईबापू. आपली ही चिमुरडी, तिच्या बुटांना शिट्टी होती हो! आणि शेवटी आपली बया हसली." एकेक बोट मिटत गेलं. मूठ पुरी झाली. "मी किती घाबरले होते माहितीये? मला वाटलं ती नाहीच त्यात."

बाबांनी तिची मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि घट्ट दाबून ठेवली, जणू आणखी एकही बोट आता उघडता कामा नये.

"बास," ते म्हणाले. "मोजू नकोस."

"का?"

बाबा तिच्याकडे बघत होते, तिच्या लहानपणी तिला ताप आला की रात्रभर बघायचे तसे. थोरलीने त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या मुठीकडे. पाच बोटं; घरात आता माणसं सहा. तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस त्या खोलीत एकटा बसून पाऊण तास ऐकत होता. तिने तुकडे ऐकले होते. त्याने सगळं ऐकलं होतं. आणि मग त्याने ते पुसलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "जागा हवी होती म्हणून नाही ना पुसलंत?"

तेवढ्यात नर्सबाई दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आल्या. "मावशी कोण? चला, घ्या पटकन, हात धुतलेत ना?"

थोरलीच्या हातांत एवढीशी ऊब आली. बाळाने लाल मूठ हवेत फिरवली आणि तिचं बोट पकडलं, चांगलं घट्ट. तिला भीती वाटत होती आणि तरीही इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळेना.

बाबांनी खिशातून छोटा रेकॉर्डर काढला. "एक मिनिट," ते सगळ्यांना म्हणाले. "सगळे गप्प. कुणी हूं की चूं करायचं नाही." खोली शांत झाली. धाकटीने उशीत तोंड खुपसलं. बाबा पुढे आले आणि त्यांनी रेकॉर्डर थोरलीच्या अगदी तोंडाजवळ धरला.

"तू बोल," ते म्हणाले. "फक्त तू. काहीही बोल."

"मी मावशी," थोरली बाळाला म्हणाली. "तुझी एकुलती एक मावशी. ऐकतेस ना?"

बाबांनी रेकॉर्डरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं; बोलताना उडायला हवी ती रेघ आडवीच होती. मग तो जरा स्वतःकडे वळवला, कुणाला दिसणार नाही असा.

"पुन्हा बोल, बाळ," ते हसत म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "जरा मोठ्याने."

ती मोठ्याने बोलली. बाळ दचकून रडायला लागलं, धाकटी हसत सुटली आणि नर्सबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. बाबा तेवढे रेकॉर्डर धरून तिथेच उभे राहिले.